ट्रान्झिस्टरचा गोतावळा

मुंबईत ऑक्टोबर 2022 मध्ये फाइव्ह-जी आलं. त्यासाठी झालेल्या लिलावात 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्याबरोबर 26 गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला. इतक्या वारंवारतेला ट्रान्झिस्टर कसा वागेल, हे चिप बनण्याआधीच कॉम्प्युटरवर कळावं लागतं. ते सांगतं मॉडेल, म्हणजे ट्रान्झिस्टरचं वागणं मांडणारी समीकरणं.

1970च्या दशकात बर्कली विद्यापीठात स्पाइस हा सर्किट कॉम्प्युटरवर तपासायचा प्रोग्रॅम तयार झाला, तेव्हा मॉसफेटचं (आजच्या चिपमधल्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरचं) मॉडेल म्हणजे करंटची थोडी समीकरणं आणि मोजके कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता. रेडिओची कामं बायपोलर आणि गॅलियम आर्सेनाइड या दुसऱ्या जातींच्या ट्रान्झिस्टरकडे होती. मॉसफेटच्या गेटला, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या टोकाला, स्वतःचा रेझिस्टन्स असतो, याची फिकीर करायचं फारसं कारणच नव्हतं.

1990च्या दशकात मोबाइलचा रेडिओ स्वस्त सीमॉसमध्ये (मॉसफेटच्या नेहमीच्या चिपमध्ये) बसवायची धडपड सुरू झाली आणि मॉडेलं उघडी पडली. डिझायनर मूळ मॉडेलभोवती हाताने रेझिस्टर चिकटवून वेळ मारून नेत. 2000 साली आलेल्या बर्कलीच्याच बीसिम-4 या मॉडेलने गेटचा आणि सबस्ट्रेटचा (खालच्या सिलिकॉनचा) रेझिस्टन्स मॉडेलच्या आत घेतला. गंमत अशी, की ज्या कट-ऑफ वारंवारतेची (जिथे करंट वाढवण्याची क्षमता संपते) जाहिरात होते, तिच्या नेहमीच्या सूत्रात गेटचा रेझिस्टन्स येतच नाही. पॉवर गेन, म्हणजे सिग्नलची शक्ती वाढवण्याची क्षमता, जिथे संपतो त्या कमाल वारंवारतेला मात्र तो खातो. म्हणून रुंद गेट बोटांसारख्या अनेक बारीक पट्ट्यांत विभागतात. एका बोटाला दोन्ही टोकांनी जोडलं, तर त्याचा परिणामी रेझिस्टन्स एका टोकाच्या जोडणीच्या चौथ्या हिश्श्यावर येतो.

तयार ट्रान्झिस्टरची मोजणी त्याहून किचकट. ग्राउंड-सिग्नल-ग्राउंड अशी प्रोबची (मोजणीच्या सुईची) तीन टोकं चिपवरच्या ज्या धातूच्या पॅडवर टेकतात, ते पॅड ट्रान्झिस्टरपुढे अवाढव्य. शेजारी एक ट्रान्झिस्टर नसलेली आणि एक शॉर्ट केलेली रचना ठेवून पॅड-तारांचा वाटा वजा करतात. माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे: मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून चिमुकली बाकी काढायची.

2006 मध्ये आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीत सरकारी मदतीने नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी राहिली. 22 नॅनोमीटरची चिप पवईत बनत नाही, पण चांगलं मॉडेल लिहायला स्वतःची फॅब (चिपचा कारखाना) असावीच लागते असंही नाही.

2012च्या सुमारास फिनफेट, म्हणजे उभ्या पात्यासारख्या फिनचा ट्रान्झिस्टर, बाजारात आला, आणि त्याच वर्षी त्याचं बीसिम-सीएमजी हे मॉडेल उद्योगाचं मानक ठरलं. उभ्या, अरुंद फिनमधून उष्णता नीट निघत नाही. मंद सिग्नलबरोबर तापमानही बदलतं, गिगाहर्ट्झला मात्र ते मागे पडतं. त्यामुळे ड्रेनकडची, म्हणजे करंट बाहेर पडणाऱ्या टोकाकडची, कंडक्टन्स (रेझिस्टन्सच्या उलट) वारंवारतेप्रमाणे बदलते, आणि मॉडेलला तापमानासाठी वेगळा नोड (सर्किटमधला बिंदू) द्यावा लागतो.