अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी शिकून कोण येडं होत नाही

कोल्हापुरात अजून ऐकायला मिळतंय, अ‍ॅबनॉर्मलचा, म्हणजे मानसिक आजारांच्या अभ्यासाचा, पेपर घेतला की पोरं येडी होतात. नाही होत ओ. डिप्रेशनचा चॅप्टर वाचला की झोप नाही, भूक नाही, सगळं आपल्यातच दिसाय लागतंय एवढंच, माझी रूममेट तर रंकाळ्यावर बसून वहीतल्या एकेका लक्षणावर पेन्सिलनं टिक करत रडली होती. पण डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजार ओळखायचं डॉक्टरांचं पुस्तक, त्यानुसार डिप्रेशन म्हणायला ९ पैकी निदान ५ लक्षणं, सलग २ आठवडे, जवळपास रोज पाहिजेत, आणि त्यात उदासपणा नाहीतर कशातच रस न वाटणं हे एक असावंच लागतं. परीक्षेआधीची जागलेली रात्र त्यात बसत नाही. खरंच तसं चाललं असंल तर मात्र पुस्तक ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात.