‘वॉनाक्राय’ थांबला, पण संगणक आपोआप सुधारले नाहीत

१२ मे २०१७ रोजी संगणकातील फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’ या प्रोग्रामने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला वेठीस धरले, तेव्हा रजेवर असलेल्या मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाने एक डोमेन (इंटरनेटवरील पत्ता) नोंदवून रुग्णालयांचे संगणक पूर्ववत केले, असा समज आजही प्रचलित आहे, तो चुकीचा आहे. हा घातक प्रोग्राम सुरू होताच एका विशिष्ट पत्त्याशी संपर्क साधून पाही आणि उत्तर मिळाल्यास थांबे. हचिन्स यांनी तो बेवारस पत्ता नोंदवला (त्याचा परिणाम त्यांनाही आधी ठाऊक नव्हता) आणि पुढचे प्रचंड नुकसान टळले, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. मात्र आधीच कुलूपबंद झालेल्या फायली त्यामुळे उघडल्या नाहीत. ती दुरुस्ती आणि मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले अपडेट बसवण्याचे काम रुग्णालयांच्या तंत्रज्ञांनाच करावे लागले.