जाम बोल्ट सोडवणे

गंजलेला, डोके झिजलेला किंवा भोकातच तुटलेला बोल्ट, तो ज्या भागात बसवला आहे त्याला इजा न करता बाहेर काढण्याचे काम. घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याची गाठ अशा बोल्टशी बहुधा सायलेन्सरच्या जोडावर, सस्पेन्शनमध्ये किंवा ब्रेकच्या ब्लीडर निप्पलवर (ब्रेकमधली हवा काढण्याचा छोटा पोकळ स्क्रू) पडते. कोकणात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, तर शिकागो-टोरांटोकडे हिवाळ्यात रस्त्यांवर पसरले जाणारे मीठ, यांमुळे गाडीखालचे बोल्ट लवकर जाम होतात.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये फिरण्यापुरती ठेवलेली बारीक फट त्याने ठासून भरते. ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट असेल तर ओलसर मीठ लागताच दोन धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि त्याची पांढरी भुकटी आटे घट्ट धरते. एरवीही बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी जेमतेम १० टक्के बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. गंजाने हे घर्षण वाढले की डोके फिरते, आतला दांडा मात्र अडून राहतो, आणि मध्ये पीळ बसून बोल्ट तुटतो. पान्याला लांब पाइप लावून झटका देणे म्हणूनच सर्वांत शेवटी करायचे काम आहे. आधी गंजाची पकड मोडायची, मग जोर लावायचा.

सुरुवात तारेच्या ब्रशने. बाहेर दिसणारे आटे साफ करून पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे बारीक फटींत शिरणारे पातळ तेल, मारावे आणि शक्य असेल तर रात्रभर मुरू द्यावे. डब्ल्यूडी-४० घरोघरी असते, पण १९५३ साली सॅन दिएगोत ते तयार झाले ते धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी; जुन्या गंजावर खास त्यासाठीचे तेल अधिक उपयोगी. मग बोल्टच्या डोक्यावर हातोड्याचे सरळ, नेमके ठोके द्यावेत. गंजाचा थर ठिसूळ असतो, हादऱ्याने त्याला भेगा पडतात आणि तेल आत उतरते. पाना मापाचा आणि सहा कोनी गोटीचाच (गोटी म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारा सॉकेट) हवा, कारण बारा कोनी गोटी जाम बोल्टवर घसरून कोपरे गोल करते. बोल्ट आधी किंचित आवळून मग सोडावा. हलला की पाव फेरा उलटा, थोडा परत सुलटा असा पुढेमागे खेळवत काढावा, म्हणजे सुटलेली भुकटी आट्यांत दबून पुन्हा अडत नाही.

एवढ्याने भागले नाही तर उष्णता. शक्यतो नट किंवा बाहेरचा भाग तापवावा. १० मिलिमीटरचे पोलादी भोक ३०० अंशांनी तापले तरी सुमारे ०.०३६ मिलिमीटरच मोठे होते; पण तापताना आणि निवताना नट आणि बोल्ट कमीअधिक सरकतात आणि गंज मोडायला तेवढे पुरते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे तिथे कमी तापवूनही काम होते. तापलेल्या जोडावर मेणबत्ती टेकवली तर पातळ झालेले मेण आट्यांत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. लालभडक झालेल्या बोल्टचे पाणी, म्हणजे पोलादाचा कणखरपणा, उतरते; तो परत बसवू नये. पेट्रोलचे पाइप, ब्रेकची रबरी नळी आणि आपल्याकडे सर्रास आढळणारी सीएनजीची टाकी व तिच्या नळ्या यांच्याजवळ ज्योत मुळीच नेऊ नये. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेला भागही तापवू नये, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघू शकतो.

डोके गोल झालेल्या १३ मिलिमीटरच्या बोल्टवर अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची गोटी ठोकून बसवता येते. उलट्या पिळाच्या खास गोट्याही मिळतात. बोल्ट तुटून थोडा बाहेर राहिला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग, कारण पकड आणि उष्णता एकदमच मिळतात. त्याआधी बॅटरीची वायर काढावी. जस्ताचा मुलामा असेल तर तो घासून घ्यावा, त्याच्या धुराने ताप भरतो.

पृष्ठभागाशी समतल तुटलेल्या बोल्टला मधोमध सेंटर पंच (ड्रिल टेकायला खळगा पाडणारी टोकदार छिन्नी) मारून ड्रिल करावे लागते, आणि इथे घाई महागात पडते. ड्रिल जरा तिरके गेले की पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसते. उलट्या पिळाचे ड्रिल असेल तर कधीकधी छिद्र पाडतानाच बोल्ट सुटून येतो. ईझी-आउट, म्हणजे छिद्रात उलटा फिरवून तुटका बोल्ट काढायचा पिळदार खिळा, जपून वापरावा. तो कठीण पोलादाचा असतो. आत तुटला तर साधे ड्रिल त्याला लागत नाही आणि भाग स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारे यंत्र) न्यावा लागतो. एम८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट ६.८ मिलिमीटरपर्यंत मधोमध पोखरला की उरलेली आट्यांची तार उचकटून टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवता येतो. आटेच मेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून मूळ मापाचा बोल्ट लावतात.

नवा बोल्ट जुन्याच ताकदीचा हवा, डोक्यावर ताकदीचा आकडा ८.८ असेल तर ८.८ किंवा १०.९ असेल तर १०.९. आट्यांना अँटी-सीझ (पुन्हा जाम होऊ न देणारा लेप) लावले तर घर्षण घटते, म्हणून टॉर्क पान्याचा (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) आकडा कमी ठेवावा लागतो, नाहीतर बोल्ट जादा ताणला जातो.