काउंटरखालच्या डब्याविषयी

नमस्कार.

आपल्याकडे आम्ही जो काळा डबा बसवून गेलो, तो खरं तर छोटा कॉम्प्युटरच, पण त्याला ना स्क्रीन, ना माउस. म्हणून "हा दिवसभर करतो तरी काय?" हे इंदुरात सियागंजापासून रामबागेपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. फोनवर दर वेळी अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच द्यावं म्हटलं.

आधी एक विनंती. रात्री दुकान वाढवताना मेन स्विच पाडू नका. इकडे सराफ्यात खाणाऱ्यांची गर्दी उसळलेली असते, तेव्हा म्हणजे साडेअकराला, हा डबा तुमच्या हिशेबाचा बॅकअप घेतो. हे काम क्रॉन नावाचा कारकून, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम, करतो. त्याच्या वहीतली ओळ अशी सुरू होते:

३० २३ * * *

आधी मिनिट, मग तास, मग तारीख, महिना आणि वार. तारा म्हणजे "कुठलाही चालेल". त्यापुढे काय करायचं त्याचं नाव. क्रॉन वक्तशीर आहे, पण वेळेला मशीन बंद असेल तर तो सकाळी उठून राहिलेलं काम करत नाही. ती रात्र गेली ती गेली. आमच्याच ऑफिसात एका पोराने वीज वाचवायची म्हणून चार रात्री स्विच पाडला आणि आम्हाला पाचव्या दिवशी कळलं. तेव्हापासून बॅकअप झाला की सकाळी निरोप येईल अशी सोय केली आहे. निरोप नाही आला, तर आम्हीच फोन करतो.

बॅकअपसाठी आरसिंक नावाचा प्रोग्रॅम वापरतो. तो दोन्हीकडच्या फाइली ताडून पाहतो आणि बदललेला भाग तेवढा पाठवतो. त्यामुळे साधं ब्रॉडबँड पुरतं.

"नेट गेलं" म्हणजे नेमकं काय गेलं?

हे समजून घेतलंत तर तुमचा तासभर आणि आमची एक चक्कर वाचेल. काउंटरच्या विंडोज कॉम्प्युटरवरही पिंग असतं. ही छोटीशी कमांड माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून तिला नाव दिलं. ती समोरच्या मशीनला हाक मारते आणि ओ यायला किती वेळ लागला ते सांगते.

पहिली हाक राउटरला मारा. त्याचा नंबर बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ असतो, पण आम्ही डब्यावर चिठ्ठी लावली आहे तीच खरी. एक-दोन मिलिसेकंदांत ओ आली तर दुकानातली वायर ठीक आहे. आली नाही तर फोन करण्याआधी फडताळामागची वायर हलवून पाहा, उंदरांना ती फार आवडते. दुसरी हाक ८.८.८.८ ला, हा बाहेरचा, गूगलचा नंबर. राउटर बोलतो आणि हा बोलत नाही, तर बिघाड बाहेरच्या लाइनचा. नेट कंपनीला सांगा. तिसरी हाक एखाद्या वेबसाइटच्या नावाने. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर डीएनएस अडलं आहे, म्हणजे नावावरून नंबर शोधून देणारी डिरेक्टरी. त्यासाठी मात्र आम्हाला बोलवा.

हे सगळं ज्या टीसीपी-आयपीवर, म्हणजे मशीननी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर चालतं, ते बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९८३ साली सिस्टिमचाच भाग म्हणून आलं. तुमच्या डब्यातली ऑपरेटिंग सिस्टिम फ्री-बीएसडी त्याच घराण्यातली, १९९३ ची. (कायद्याने "युनिक्स" हा ट्रेडमार्क आहे, म्हणून हिला युनिक्ससारखी म्हणायचं. आम्ही बोलताना युनिक्सच म्हणतो.) हिच्यात "जेल" नावाची सोय आहे: एखादा प्रोग्रॅम आपल्या खोलीत कोंडून ठेवायचा, म्हणजे तो बिघडला तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. इथल्या जेल रोडच्या बाजारातून सामान आणून जेलमध्ये प्रोग्रॅम ठेवतो, हा आमचा ठरलेला विनोद. आता तुम्हालाही ऐकावा लागला.

आमच्या हातातली किल्ली

आम्ही ऑफिसात बसून तुमचा डबा दुरुस्त करतो ते एसएसएचमधून, म्हणजे दुरून मशीन चालवायच्या प्रोग्रॅममधून. पूर्वी टेलनेट असायचं, त्यात पासवर्ड उघडाच जायचा. वाटेत कोणीही वाचावा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं आणि सगळं संभाषण कुलपात गेलं. आम्ही पासवर्डही वापरत नाही. किल्लीचे दोन भाग असतात: गुप्त भाग आमच्या लॅपटॉपवर, उघडा भाग तुमच्या डब्यातल्या एका फाइलमध्ये, एका ओळीत. ती ओळ पुसली की आम्ही बाहेर. पुन्हा आत यायला तुमचीच परवानगी लागेल. ओळ कुठे आहे आणि कशी पुसायची, ते सोबतच्या बंद पाकिटात लिहिलं आहे. पाकीट तिजोरीत ठेवा. उद्या आमचं तुमचं पटलं नाही, तर दुसऱ्या कोणालाही ते देता आलं पाहिजे. इथली प्रत्येक सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहे, आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये अडकवून ठेवलेलं काही नाही.

हत्यारं

डब्यासोबत प्रोग्रॅम लिहिण्याची हत्यारंही येतात, वेगळे पैसे नाहीत. सी भाषेतला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर, मेक, मजकूर चाळणारे ऑक आणि सेड, टाइप केलेल्या कमांड चालवणारा शेल. पायथन ही दुसरी भाषा वेगळी टाकावी लागते, तेही फुकट. रोजच्या कामाला कंपायलर लागतच नाही. एका घाऊक व्यापाऱ्यांनी विचारलं, महिन्यात सगळ्यात जास्त बिलं कोणाच्या नावाने फाडली? बिलांच्या फाइलमध्ये तारीख, पार्टी, रक्कम असे स्वल्पविरामाने तोडलेले रकाने होते. उत्तर एका ओळीत निघालं (टाइप रोमनमध्ये करायचं, इथे उच्चार दिले आहेत):

कट -डी, -एफ२ बिल्स | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन | हेड

पंगतीत मीठ वाढणारा मीठच वाढतो, तसं आहे हे. कट फक्त दुसरा रकाना उचलतो. सॉर्ट सारखी नावं शेजारी बसवतो. युनिक त्यांची मोजणी करतो, आणि त्याला शेजारचंच दिसतं, म्हणून आधी सॉर्ट. मग मोठा आकडा वर, आणि हेड पहिल्या दहा ओळी दाखवतो. मधल्या उभ्या रेघेला पाइप म्हणतात. एकाने काढलेलं दुसऱ्याच्या हातात. कल्पना डग मॅक्लरॉय यांची, युनिक्समध्ये आली १९७३ ला. आमच्या या व्यापाऱ्यांची एक पार्टी मात्र यादीत दोनदा आली, कारण काउंटरवरचे दोघे तिचं स्पेलिंग दोन तऱ्हांनी करायचे. ते कुठलंही हत्यार आपणहून दुरुस्त करत नाही.

मेक आम्ही भावपत्रकासाठी लावलं आहे. ते फाइलींच्या वेळा पाहतं आणि जिथे भाव बदलला तेवढंच पान नव्याने बनवतं. यासाठी घड्याळ बरोबर हवं, म्हणून डबा नेटवरून वेळ मिळवत राहतो. त्याची तारीख हाताने बदलू नका.

घरातलं कोणी एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा दुसरीकडे कॉम्प्युटर शिकत असेल, तर त्यांना खुशाल बसू द्या. वेगळं लॉगिन करून देऊ. फक्त फाइल बदलण्याआधी तिची कॉपी काढायला सांगा. आणि व्हीआय एडिटरमधून बाहेर पडता येईना, तर एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. एवढ्यासाठी रात्री साडेअकराला फोन करू नका.