पाणी घालायच्या आधी मातीत हात घाला
(आमच्या नर्सरीतून देशी झाडांची रोपं नेणाऱ्यांसाठी)

एप्रिल लागला की आमचा फोन सुरू होतो, "दादा रोप माना टाकतंय, रोज पाणी घालतोय तरी". आम्ही विचारतो वीतभर खालची माती कशी आहे, की पलीकडे शांतता. म्हणून हा कागद छापलाय, पहिला उन्हाळा जाईपर्यंत तरी फेकू नका.

शेतकऱ्याला वाफसा काय ते सांगावं लागत नाही, पण फार्महाऊसवाल्या आणि सोसायटीवाल्या मंडळींसाठी सांगतो. पाऊस पडून गेला, मातीतल्या मोठ्या पोकळ्यांमधलं पाणी खाली उतरलं, तिथे हवा शिरली आणि बारीक पोकळ्यांमध्ये पाणी धरून राहिलं, तो वाफसा. मुळांना पाणीही लागतं आणि हवाही, कारण मुळं पण श्वास घेतात. खतसुद्धा पाण्यात विरघळल्याशिवाय मुळात जात नाही, त्यामुळे कोरड्या मातीत खताची गोणी रिकामी केली तरी उपयोग शून्य. आणि झाड जेवढं पाणी ओढतं त्यातलं ९५ टक्क्यांपेक्षा जास्त पानांतून हवेत सोडून देतं, स्वतःकडे अगदी थोडं ठेवतं. खालून पुरवठा कमी पडला की पानं आपली छिद्रं मिटून घेतात, मग हवा आत येत नाही, अन्न बनत नाही, वाढ थांबते, आणि हे सगळं पान सुकलेलं दिसायच्या बरंच आधी झालेलं असतं.

आता खरी गोम. पाणी कमी पडलं तरी पानं मान टाकतात आणि जास्त झालं तरी टाकतात. आमच्याकडेच एकदा नवीन पोरगा होता, दुपारी पानं मलूल दिसली की पाइप धरायचा, बिचाऱ्याची माया होती, पण बहाव्याची चाळीसेक रोपं गेली. पिशवी फाडून बघितली तर मुळं काळी आणि गटारासारखा वास. तहान नव्हतीच, गुदमरली होती.

म्हणून बघायची पद्धत अशी. खोडापासून हातभर लांब खुरप्याने वीतभर खोल उकरा, तळातली मूठभर माती घेऊन आवळा. गोळा झाला, तळहात ओला झाला नाही आणि अंगठ्याने दाबल्यावर गोळा फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. बोटांमधून पाणी आलं किंवा चिखल चिकटला तर चार-पाच दिवस पाइपला हात लावू नका. गोळाच झाला नाही तर पाणी द्या. मुरमाचा गोळा तसाही होत नाही, तिथे रंग आणि गारवा बघायचा, गडद आणि गार म्हणजे ओल आहे. काळी माती मात्र फसवते, तिचे कण इतके बारीक की पाणी घट्ट धरून ठेवतात, हाताला दमट लागते पण झाडाला ते पाणी ओढता येत नाही. भेगा दिसायला लागल्या की समजा उशीर झालाय. ऑनलाइन ते ओल मोजायचे दोन काड्यांचे स्वस्त मीटर मिळतात ते आम्ही ठेवत नाही, खाऱ्या बोअरच्या पाण्यावर काहीही आकडे दाखवतात.

पाणी किती द्यायचं हा पुढचा प्रश्न. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात साधारण ९०-९५ लिटर माती बसते, आणि मुरमाड माती त्यातलं झाडाच्या कामाचं पाणी ढोबळमानाने दहावा हिस्सा धरते, म्हणजे ९-१० लिटर. रोज दोन लिटर शिंपडलं तर वरचे चार बोटंच भिजतात, ते संध्याकाळपर्यंत उडून जातं आणि मुळं वरच फिरत राहतात, मग तुम्ही आठवडाभर गावाला गेलात की झाड गेलं. त्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी एकदाच १०-१५ लिटर सावकाश मुरू द्या, मुळं पाण्यामागे खाली जातात. कच्च्या मातीचं, रंग न दिलेलं मडकं बाजूला पुरलंत तर सगळ्यात भारी, भोवतालची माती सुकली की ती मडक्यातून पाणी ओढते, ओल असली की पाझर आपोआप मंदावतो. आळ्यातलं गवत काढा, कारण गवताची मुळं वरची ओल आधी पिऊन टाकतात. वर पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. डोंगरावर लावत असाल तर पाचोळ्याऐवजी दगड रचा, दगड उडत नाहीत आणि जळत पण नाहीत.

जळण्यावरून आठवलं. कधी एप्रिलमध्ये एखाद्या देवराईत जा, पायाने पाचोळा बाजूला सारा, खाली माती गार, दमट, बुरशीचे पांढरे धागे दिसतात. तिथे कोण टँकर घेऊन जातं? पाचोळा ऊन अडवतो, कुजून माती भुसभुशीत करतो, पाऊस वाहून न जाता मुरतो. आणि शेजारच्या, दरवर्षी वणवा लागणाऱ्या डोंगरावर माती उघडी, पहिल्याच वळवात लाल पाणी ओढ्याला. नगरजवळच्या हिवरे बाजार गावात पाऊस जेमतेम ४०० मिमीच्या आसपास, तिथेही आधी डोंगरावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले) खोदले, पाणी जागेवर मुरवलं, मग झाडं जगली. तुमच्या प्लॉटला उतार असेल तर रोपं न्यायच्या आधी चर मारा, रोपं आमच्याकडे थांबतील.

जागा बघून रोप न्या हे तर आम्ही काउंटरवरच सांगतो. अर्जुन आणि जांभूळ ओढ्याकाठची झाडं, कोरड्या माथ्यावर लावून आम्हाला शिव्या देऊ नका, तिथे खैर, कडुनिंब, सालई, बहावा न्या. आणि पळस, सावर, साग यांची पानं गळली की घाबरून फोन करू नका, ओल संपत आली की पानं टाकून देणं ही त्यांची काटकसर आहे, नखाने फांदी खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

एवढं करूनही रोप बिघडलं तर नर्सरीत या, पण नुसता पानाचा फोटो आणू नका. वीतभर खालची मूठभर माती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा, आणि पिशवीला घट्ट गाठ मारा, उघडी आणलीत तर वाटेतच सुकते आणि मग आम्हाला पण काही सांगता येत नाही.