परीकथांचे डार्क फँटसी पुनर्कथन

सर्वांना ठाऊक असलेली परीकथा घेऊन तिच्यातील भय, क्रौर्य, वासना आणि मृत्यू पुढे आणणारा कथाप्रकार. कथेचा सांगाडा ओळखीचा राहतो. निवेदक, शेवट किंवा जादूसाठी मोजावी लागणारी किंमत बदलते.

हा काळोख मूळ कथांमध्येच आहे. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या १६९७च्या संग्रहात लांडगा लाल टोपीवाल्या मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. तिला सोडवायला कोणीही येत नाही. जर्मन ग्रिम बंधूंच्या परीकथासंग्रहाच्या १८१२च्या पहिल्या खंडात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. मनोऱ्यात कोंडलेल्या रॅपन्झेलचे कपडे तिला घट्ट होऊ लागल्याचा, म्हणजे ती गरोदर असल्याचा, उल्लेखही पुढे गाळला गेला. हिमगौरीच्या कथेतील राणीची शिक्षा मात्र तशीच राहिली: तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायचे. मुलांसाठी काय वगळावे याचा ग्रिम बंधूंचा हा निवाडा आज विलक्षण वाटतो.

आधुनिक पुनर्कथनांत ब्रिटिश लेखिका अँजेला कार्टर यांचा ‘द ब्लडी चेंबर’ (१९७९) हा कथासंग्रह फार महत्त्वाचा. बायकांना मारून बंद खोलीत ठेवणाऱ्या ब्लूबियर्डच्या कथेत पेरो नायिकेच्या सुटकेसाठी भावांना पाठवतात; कार्टर यांच्याकडे तिची आई घोडा दौडवत येते आणि स्वतः गोळी झाडते. ब्रिटिश लेखिका टॅनिथ ली यांच्या ‘रेड ॲज ब्लड’ या कथेत हिमगौरीच रक्तपिपासू आहे आणि सावत्र आई तिच्यापासून इतरांना वाचवू पाहते.

अशा कथांची गोडी वाचकाला आधीच असलेल्या माहितीत आहे. सफरचंद, आरसा, चाती पानावर येताच पात्राला कळायच्या आत वाचक धास्तावतो. लेखक कुठे वळण घेईल याकडे त्याचे कान लागतात. नेहमीचे वळण चुकले की लहानपणापासून गृहीत धरलेली माणसे त्याला नव्याने पारखावी लागतात. राणीची बाजू पटू लागते, राजपुत्राने झोपलेल्या मुलीचे चुंबन घेणे खटकू लागते. ही अस्वस्थता हाच या वाचनाचा खरा आनंद होय.

नुसता रक्तपात वाढवलेली पुनर्कथने मात्र लवकर कंटाळवाणी होतात. लोखंडी जोड्यांहून भीषण शिक्षा शोधण्यापेक्षा, राणी नाचत असताना हिमगौरीच्या लग्नाचे वऱ्हाडी काय करत होते, हे सांगणारी कथा अधिक हादरवते.