जिवंत आशा

बायबलच्या नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात (१.३) मांडलेली संकल्पना. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानामुळे विश्वासणाऱ्यांना नवा जन्म मिळाला असून अविनाशी, निर्मळ आणि कधीही न कोमेजणारे वतन त्यांच्यासाठी स्वर्गात राखून ठेवले आहे, ही तिची बैठक. लगेच पुढे (१.१३–१६) या आशेवरून पवित्र वर्तनाची मागणी येते आणि तिला लेवीय ग्रंथातील ‘मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा’ या आज्ञेचा आधार दिला जातो. आशा आणि आचरण यांची अशी घट्ट सांगड हे या पाच अध्यायांच्या पत्राचे वैशिष्ट्य होय.

पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया (आजचा तुर्कस्तान) येथील ख्रिस्ती लोकांना उद्देशून आहे. त्याचे कर्तृत्व वादग्रस्त आहे. आरंभी प्रेषित पेत्राचे नाव असून परंपरेने तोच कर्ता मानला जातो. ते मान्य केल्यास लेखनकाळ रोमन सम्राट नीरोने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळापूर्वी किंवा त्याच सुमारास, म्हणजे इ.स. ६० नंतरच्या काही वर्षांत पडतो. मात्र पत्राची ग्रीक सफाईदार आहे आणि जुन्या करारातील अवतरणे बहुतांशी ग्रीक भाषांतराला (सप्तती) धरून आहेत, ‘प्रेषितांची कृत्ये’ (४.१३) मात्र पेत्राला निरक्षर म्हणते. ५.१२ मध्ये ‘सिल्वानच्या हस्ते’ लिहिल्याचा उल्लेख आहे, त्यावरून अभ्यासक सेल्विन यांनी भाषेचे श्रेय सिल्वानला दिले. परंतु तेथे तो लेखनिक आहे की केवळ पत्र पोचविणारा, हे ठरविणे कठीण आहे. ५.१३ मध्ये जिथून अभिवादन पाठविले आहे ते ‘बाबेल’ म्हणजे रोम, यावर बहुतेकांचे एकमत आहे. रोमसाठी हे नाव मुख्यतः इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडल्यानंतरच्या यहुदी व ख्रिस्ती लेखनात आढळते, हा मुद्दा उत्तरकालीन लेखनाच्या बाजूने जातो. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील बिशप पॉलिकार्प याच्या पत्रात या पत्राचे स्पष्ट पडसाद असल्याने ते दुसऱ्या शतकात फार पुढे नेता येत नाही. इ.स. ७० ते ९५ हा काळ अधिक संभवनीय वाटतो.

‘ख्रिस्ती म्हणून’ दुःख सोसण्याच्या उल्लेखावरून (४.१६) काहींनी पत्राचा संबंध बिथुनिया-पंतचा शासक प्लिनी याने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला पाठविलेल्या अहवालाशी जोडला. तो मानण्याची गरज दिसत नाही. पत्रात सम्राटाचा मान राखण्यास सांगितले आहे (२.१७) आणि त्रासाचे स्वरूप प्रामुख्याने निंदानालस्तीचे आहे. पूर्वीचे सोबती मद्यपानाच्या बैठकींत आणि मूर्तिपूजेत सामील होत नाहीत याचे शेजाऱ्यांना नवल वाटते आणि ते शिव्याशाप देतात (४.३–४). वाचकांना ‘परके व प्रवासी’ म्हटले आहे, ते एलियट यांच्या मते त्यांच्या खऱ्या सामाजिक दर्जाला धरून. इतर अनेक अभ्यासक त्यास रूपक मानतात. दोन्ही अर्थ एकत्र नांदू शकतात. पत्राचा गाभा बाप्तिस्म्याच्या प्रवचनाचा असावा, हे पेर्डेलविट्झ यांचे मत (१९११) एकेकाळी प्रभावी होते. आज त्यास फारसे समर्थक नाहीत.

आशेविषयी कोणी विचारले तर सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सदैव तयार असावे (३.१५), हे वचन पुढे ख्रिस्ती धर्मसमर्थनाचे आधारवाक्य ठरले. मूळ संदर्भात हे उत्तर पंडितांच्या वादसभेसाठी नाही. चांगल्या वागणुकीने टीकाकारांना खजील करावे, असे पुढचेच वचन सांगते. दास व स्त्रिया यांना सांगितलेली अधीनता (२.१८–३.६) याच धोरणाचा भाग असून, अलीकडे तिच्यावर बरीच टीका झाली आहे. ‘बंदीतील आत्म्यां’विषयीचा उतारा (३.१९) दुर्बोध आहे.

रोमन कॅथलिक पंथाच्या त्रिवार्षिक वाचनक्रमात ‘अ’ वर्षी पुनरुत्थानकाळातील ईस्टरनंतरच्या रविवारी दुसरे वाचन या पत्रातून होते. त्यांतील पहिल्या रविवारी १.३–९ हा उतारा येतो. वसई परिसरातील चर्चमध्ये तो मराठीतून वाचला जातो. मराठी बायबलच्या भाषांतरांत विल्यम कॅरी व पंडिता रमाबाई यांची कामे महत्त्वाची आहेत. अलीकडील भाषांतरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ उल्लेखनीय आहे.